‘हाच तो’ म्हणताना: साक्षीदाराची आठवण, ओळख परेड आणि कोर्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे: “नऊ महिन्यांपूर्वी रात्री सोसायटीच्या फाटकाशी मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी माझ्या काकूंच्या गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावलं. मी चार-पाच फुटांवर होतो. मागे बसलेल्याला मी ओळख परेडमध्ये (संशयिताला इतर माणसांच्या रांगेत उभं करून साक्षीदाराला दाखवतात ती) ओळखलं. आता साक्षीचं समन्स आलंय. मधल्या काळात वाचनात आलं की प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराची आठवण भरवशाची नसते. मग माझ्या साक्षीला अर्थ काय? कोर्ट अशा साक्षीवर शिक्षा कशी देतं? आणि पिंजऱ्यात उभं राहून मी नेमकं काय करायचं?”

मी आधी सरकार पक्षाकडून आणि नंतर आरोपींकडून फौजदारी खटले चालवले आहेत. त्यामुळे साक्षीदाराला बोलतं करणं आणि त्याची उलटतपासणी घेणं, दोन्ही कामं केली आहेत. तुमच्या खटल्याचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून त्यातला आरोपी खरा की खोटा यावर काही बोलणार नाही. बाकी तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो.

आधी एक गैरसमज दूर करू. आठवण भरवशाची आहे की नाही, असा सरसकट प्रश्न विचारला की उत्तर हमखास चुकतं. आठवण कधीची, ती कोणी विचारली, कशी विचारली आणि कितव्यांदा विचारली, यावर सगळं अवलंबून असतं. घटनेनंतर लवकर, कुणीही काही सुचवण्याआधी, पहिल्यांदा दिलेली ओळख सगळ्यात मोलाची. त्यानंतर प्रत्येक वेळी ती थोडी थोडी बदलते, आणि गंमत नाही, दुर्दैव असं की बदलताना ती जास्त पक्की वाटू लागते. आपली न्यायपद्धती मात्र नेमकी उलटी उतरंड लावते. ते पुढे सांगतो.

आठवण बदलते म्हणजे काय होतं, याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा, १९७४ सालचा. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नातलं एकच क्रियापद बदललं होतं. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळून चुराडा झाला’ तेव्हा किती होता. पहिल्यांनी सरासरी ताशी ३२ मैलांच्या आसपास सांगितला, दुसऱ्यांनी जवळजवळ ४१. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याभराने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. तरी ‘चुराडा’वाल्या गटातल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं, साधं ‘धडकल्या’ असं विचारलेल्या ५० पैकी ७ जणांनी. ही माणसं खोटं बोलत नव्हती. प्रश्नातून आत गेलेली गोष्ट त्यांना पाहिल्यासारखी आठवत होती.

आता हे आपल्याकडच्या पोलीस ठाण्यात आणून बघा. तुमचा जबाब झाला असेल तेव्हा समोर बसलेल्या हवालदाराने प्रश्न विचारले असतील, तुम्ही तुमच्या शब्दांत सांगितलं असेल आणि टाइप झालं असेल ते असं: ‘सदर इसम अंदाजे २५ ते ३० वयोगटातील, रंगाने सावळा, अंगाने सडपातळ, अंगात काळपट रंगाचा शर्ट असलेला होता. सदर इसमास पुन्हा पाहिल्यास मी ओळखू शकेन.’ हे शेवटचं वाक्य मी असंख्य जबाबांत वाचलं आहे. ज्याने तोंडावर रुमाल बांधलेला चोर पाहिला त्याच्या जबाबात ते असतं, आणि ज्याने पाच मिनिटं समोरासमोर भांडण केलं त्याच्याही जबाबात असतं. तुम्ही ‘बहुतेक ओळखेन, नक्की नाही’ म्हणाला असाल तर तो ‘बहुतेक’ कागदावर येतच नाही. पोलिसांपुढच्या या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, त्यामुळे तुमच्या तोंडचे मूळ शब्द काय होते याचा पुरावा बहुतेक वेळा कुठेच राहत नाही. जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण करायची मुभा कायद्यात २००८ च्या दुरुस्तीपासून आहे आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० मध्येही ती कायम आहे. पण ती मुभा आहे, सक्ती नाही. माझ्या मते प्रत्यक्षदर्शीच्या पहिल्या जबाबापुरती तरी ती सक्ती व्हायला हवी. हातात मोबाइल नसलेला पोलीस आज शोधून सापडणार नाही.

दुसरी गोष्ट, तुमच्या मनात असेल की ‘एवढा भयंकर प्रसंग, तो चेहरा मी विसरेन कसा?’ हे जवळजवळ प्रत्येक साक्षीदार म्हणतो, आणि उलटं दाखवणारा अभ्यास आहे. अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणात सैनिकांना युद्धकैद्यासारखं ठेवून त्यांची कडक चौकशी करतात. चौकशी करणारा अर्ध्या तासाहून अधिक वेळ समोर असतो. चार्ल्स मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी अशा पाचशेहून अधिक सैनिकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष माणसं उभी करून विचारलं तेव्हा, सौम्य चौकशीनंतर ६२ टक्के सैनिकांनी आपल्या चौकशी अधिकाऱ्याला बरोबर ओळखलं. तीव्र ताणाच्या, दमदाटीच्या चौकशीनंतर हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. हे तरणेबांड, प्रशिक्षित सैनिक. भीतीने घटना मनावर कोरली जाते हे खरं आहे, पण चेहऱ्याचा तपशील तितकाच कोरला जातो असं नाही. समोर चाकू किंवा कट्टा असला तर डोळे त्यावरच खिळतात.

तरीही ‘प्रत्यक्षदर्शी म्हणजे बिनकामाचा’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कॅनडात व्हँकुव्हरजवळ बंदुकांच्या दुकानाबाहेर भर दिवसा गोळीबार झाला होता. जॉन युल आणि ज्युडिथ कटशॉल यांनी त्यातल्या १३ साक्षीदारांना चार-पाच महिन्यांनी पुन्हा विचारलं. त्यांनी सांगितलेला तपशील बव्हंशी बरोबर निघाला आणि मुद्दाम घातलेल्या फसव्या प्रश्नांना बरेचसे बळी पडले नाहीत. १९८६ चा हा अभ्यास प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांइतकाच महत्त्वाचा आहे. काय घडलं, कोणत्या क्रमाने घडलं, हे माणसं पुष्कळदा बरं सांगतात. अडचण होते ती अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यात. गावातला, ओळखीचा आरोपी असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे साक्षीदार चुकण्यापेक्षा वैर काढण्याची शक्यता तपासावी लागते. तुमचा प्रश्न अनोळखी चेहऱ्याचा आहे, म्हणून मी त्याच्यावरच थांबतो.

अनोळखी चेहऱ्याची आठवण कशी घडत जाते, याचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनचं आहे. १९८४ साली एका कॉलेज विद्यार्थिनीवर तिच्या घरात शिरून बलात्कार झाला. अत्याचार चालू असतानाच तिने ठरवलं होतं की आपण जगलो तर हा सुटता कामा नये, आणि तिने त्याचा चेहरा नीट पाहून ठेवला. पोलिसांनी फोटो दाखवले. तिने बराच वेळ घेऊन एक निवडला. मग प्रत्यक्ष परेडमध्येही तोच माणूस निवडला. फोटोंत आणि परेडमध्ये, दोन्हीकडे असलेला तो एकटाच होता. परेडनंतर तिला सांगण्यात आलं की फोटोत निवडलास तोच हा. कोर्टात येईपर्यंत तिच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. १९८५ मध्ये त्याला शिक्षा झाली. दोन वर्षांनी फेरसुनावणीत खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणून उभा केला, तेव्हा तिने त्याला ओळखलं नाही. तोवर तिच्या आठवणीतला चेहराच बदलून गेला होता. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने निरपराध माणूस सुटला, दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून.

त्या शाबासकीने काय होतं, हे पुढे गॅरी वेल्स आणि अ‍ॅमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये मोजलं. त्यांनी दाखवलेल्या फोटोंमध्ये खरा गुन्हेगार नव्हताच, म्हणजे ज्यांनी निवडलं ते सगळे चुकले होते. त्यातल्या काहींना नुसतं म्हटलं, ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत.’ एवढ्याने त्यांची खात्री तर वाढलीच. शिवाय आपल्याला चेहरा नीट दिसला होता, आपण लक्ष देऊन पाहिलं होतं, असंही ते सांगू लागले. आता विचार करा: कोर्ट साक्षीदाराला काय विचारतं? उजेड होता का, किती वेळ पाहिलं, लक्ष होतं का, खात्री आहे का. एका शाबासकीने या सगळ्यांची उत्तरं बदलतात. तुम्हाला परेडनंतर कुणी ‘बरोबर ओळखलंत’ म्हटलं होतं का, हे आठवून बघा.

आता कायदा काय म्हणतो ते. कोर्टात, शपथेवर, पिंजऱ्यातून केलेली ओळख हा मुख्य पुरावा. ओळख परेड ही तिला नुसती पुष्टी देणारी. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या मलखानसिंग खटल्यासह अनेकदा हे सांगितलं आहे, आणि पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ९ व आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७ यांच्या आधाराने परेडचा पुरावा येतो तो याच मर्यादेत. पोलिसांपुढच्या पहिल्या जबाबाला तर त्याहून कमी जागा: साक्षीदार त्याच्याशी विसंगत बोलला तर तेवढ्यापुरता तो वापरायचा. आता मी वर म्हटलेली उलटी उतरंड दिसेल. विज्ञानाच्या दृष्टीने सगळ्यात ताजी, सगळ्यात कमी ढवळलेली आठवण पहिल्या जबाबात आणि पहिल्या परेडमध्ये असते. जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये या विषयावरचं संशोधन एकत्र करून मांडलं, त्याचा गाभा हाच: परेड नीट घेतलेली असेल तर त्या पहिल्या क्षणाची साक्षीदाराची खात्री अचूकतेचा चांगला अंदाज देते, नंतर कोर्टात दिसणारी खात्री तसा अंदाज देत नाही. आणि कोर्टातली ओळख होते कशी? आरोपी पोलिसांच्या गराड्यात ठरलेल्या जागी बसलेला किंवा उभा असतो. खोलीत दुसरा पर्याय नसतो. कुणाकडे बोट करायचं हे साक्षीदाराला सांगावं लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाला आठवणीच्या मर्यादा माहीत नाहीत असं मुळीच नाही. १९८३ च्या भरवाडा भोगीनभाई हिरजीभाई खटल्यात न्या. एम. पी. ठक्कर यांनी स्पष्ट लिहिलं की साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या आठवणीची अपेक्षा करता येत नाही, मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप पुन्हा चालते असं होत नाही. वेळ, क्रम, संभाषण यांत माणूस गोंधळतो, हेही त्यात आहे. पण गेली चाळीस वर्षं सरकार पक्ष या निकालाचा आधार घेतो तो साक्षीतल्या किरकोळ विसंगती माफ करून घ्यायला. तपशील चुकला तर आठवण दुबळी असते म्हणून सोडून द्या, आणि चेहरा मात्र त्याच आठवणीने अचूक टिपला आहे असं माना, हे दोन्ही एकदम कसं चालेल? उलटतपास संपून युक्तिवादाला उभा राहिलो की हा मुद्दा मी आवर्जून मांडतो. काही न्यायाधीश मान हलवतात, काही नाही.

एका साक्षीदारावर शिक्षा होऊ शकते का? होते. कायदा साक्षीदारांची संख्या मागत नाही. वडिवेलू थेवर खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन वर्ग केले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि मधले. मधल्यांच्या बाबतीत दुसरा पुरावा जोडीला हवा. माझ्या मते एकदाच, रात्री, क्षणभर पाहिलेल्या अनोळखी चेहऱ्याची ओळख देणारा प्रामाणिक साक्षीदारसुद्धा या तिसऱ्या वर्गात धरायला हवा. प्रामाणिकपणा आणि अचूकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोर्टात साक्षीदाराच्या चेहऱ्यावर दिसतो तो फक्त पहिला. इंग्लंडमध्ये १९७६ च्या टर्नबुल निकालापासून न्यायाधीशाला ज्युरीला हाच इशारा द्यावा लागतो, की ठाम साक्षीदारही चुकू शकतो.

मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्याचं इथे नाव घ्यायला हवं. २०१५ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. त्यामागच्या कारणांत ओळखीचा पुरावा मोठा होता. शंभराहून अधिक दिवसांनी पोलिसांपुढे आलेले टॅक्सीचालकांसारखे साक्षीदार, पुढे वर्षांनी कोर्टात केलेली ओळख. रोज शेकडो चेहरे पाहणाऱ्या माणसाने नेमका हाच चेहरा इतका काळ लक्षात ठेवावा असं काय घडलं होतं, असं उच्च न्यायालयाने विचारलं. ओळख परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला त्या वेळी अधिकारच नव्हता, म्हणून परेडही बाद झाली. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला म्हणून वापर करायला स्थगिती दिली. त्यामुळे हा निकाल कायद्याचा अंतिम शब्द म्हणून मी सांगत नाही. पण स्फोटांत गेलेल्या माणसांच्या घरच्यांना उत्तर मिळालं नाही आणि इतकी वर्षं तुरुंगात काढलेल्यांनाही नाही, हे त्या निकालानंतर कोणालाही दिसेल.

परेड नीट घेतली तर काय फरक पडतो, ते एका प्रसंगातून सांगतो. दरोड्याच्या एका खटल्यात मी आरोपीकडून होतो. जेलच्या आवारातली परेड एका नायब तहसीलदार बाईंनी घेतली होती. आरोपीच्या डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण होता. बाईंनी रांगेतल्या प्रत्येकाच्या डाव्या भुवईवर चिकटपट्टी लावली. आरोपीच्या पायात रबरी चप्पल आणि डमींच्या, म्हणजे रांगेत मिसळलेल्या इतर माणसांच्या, पायात बूट होते, म्हणून सगळ्यांना अनवाणी उभं केलं. पोलिसांना आवाराबाहेर घालवलं, आरोपीला जागा निवडू दिली. साक्षीदाराला आत घेतल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते मेमोरँडममध्ये, म्हणजे परेडच्या लेखी नोंदीत, शब्दशः होतं: ‘तो माणूस यांच्यात नसेलही, नसला तर नाही म्हणून सांगा.’ साक्षीदाराने दोनदा रांग पाहिली आणि म्हणाला, ‘तीन नंबरचा वाटतो, त्या रात्री केस बारीक होते.’ बाईंनी ‘वाटतो’ हा शब्द तसाच ठेवला आणि किती वेळ लागला तेही लिहिलं. उलटतपासात मला त्या कागदात शिरायला जागा सापडली नाही, आणि आरोपीचा वकील असूनही मला तो कागद आदर्श वाटतो.

यातलं बरंचसं नियमांत आहेच. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये एका आरोपीमागे किमान सहा इतर माणसं हवीत, एका परेडमध्ये शक्यतो दोनहून अधिक आरोपी नकोत, दोन पंच हवेत, पोलीस हजर नकोत, असं सगळं दिलं आहे. पण ‘नसेलही’ हे वाक्य बोलण्याची पद्धत सर्वत्र नाही. साक्षीदाराचे शब्द आणि लागलेला वेळ लिहिण्याचीही नाही. बहुतेक मेमोरँडममध्ये ‘साक्षीदाराने क्र. ३ च्या इसमास हात लावून ओळखले’ एवढंच. आणि परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच आरोपी कोण हे ठाऊक असतं. तयारी एकाने करायची आणि साक्षीदारासमोर दुसऱ्या, आरोपी ठाऊक नसलेल्या माणसाने उभं राहायचं, एवढा बदल केला तरी पुष्कळ साधेल. त्याला पैसे लागत नाहीत. परेडआधी आरोपीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा बातम्यांत फिरला असेल, तर मात्र कितीही चोख परेड घेतली तरी ती फोटोचीच परीक्षा होते.

आता तुम्ही काय करायचं. साक्ष द्यायला जरूर जा. मधल्या दिवसांत काकूंशी किंवा शेजाऱ्यांशी बसून ‘तुला काय दिसलं, मला काय दिसलं’ याची उजळणी करू नका. त्यात दोन आठवणींची एक होते आणि कुणाची कोणती हे कुणालाच कळत नाही. आरोपीचे फोटो शोधू नका. घटनेच्या लगेच नंतर तुम्ही स्वतः काही लिहून ठेवलं असेल, कुणाला मेसेज केला असेल, तर तो जपून ठेवा आणि सरकारी वकिलांना दाखवा. साक्षीआधी ते तुमचा जबाब वाचायला देतील. त्यात तुम्ही न बोललेलं काही दिसलं तर तिथेच सांगा.

पिंजऱ्यात तुम्हाला विचारतील, आरोपीला ओळखता का. परेडच्या दिवशी तुमच्या मनात जी खात्री होती तेवढीच सांगा. ‘त्या दिवशी मी चेहऱ्याच्या ठेवणीवरून ओळखलं, बऱ्यापैकी खात्री होती, आज तेवढं सांगता येणार नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. परेडआधी फोटो दाखवला गेला असेल तर विचारल्यावर लपवू नका. मोटारसायकल चालवणाऱ्याला पाहिलं नसेल तर दोघांनाही ओळखण्याच्या भरीला पडू नका. ‘आठवत नाही’ म्हटल्याने गुन्हा होत नाही. खोटी साक्ष ठरायला जाणूनबुजून खोटं बोलावं लागतं. सरकारी वकील कदाचित नाराज होतील, क्वचित तुम्हाला फितूर, म्हणजे बोलावणाऱ्या बाजूच्याच विरोधात गेलेला साक्षीदार, घोषित करून स्वतःच उलटतपास घेण्याची परवानगी कोर्टाकडे मागतील. घाबरू नका. फितूर ठरलेल्या साक्षीदाराचीही साक्ष पुसली जात नाही, तिचा विश्वासार्ह भाग कोर्ट वापरू शकतं. आणि मंगळसूत्र आरोपीकडून किंवा त्याने दाखवलेल्या सराफाकडून पंचनाम्याने जप्त झालं असेल, काकूंनी ते ओळखलं असेल, तर त्या खटल्याचा सगळा भार तुमच्या एकट्याच्या डोळ्यांवर नाहीच. तसं काही जप्त झालं आहे का, हे सरकारी वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा.